शुक्रवार रिकामा ठेव

चौतीस वर्षं प्रेसमध्ये
मी दुसऱ्यांचे पासपोर्ट शिवले.
म्हणजे शिवायचं मशीन, मी टाके बघायचो.
टाका सुटला की पुस्तिका बाजूला,
सहा वाजता गेटवर खिसे उलटे,
मग सायकल, मग जेलरोड.

परवा पोस्टानं माझाच आला.
मी फोटो नाही पाहिला आधी,
मधलं पान उघडून दोरा चाचपला.
मंदा म्हणाली, "रिटायर झालात हो."

मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीवर
तिनं पट्टीनं सात रकाने आखलेत.
इजिप्त. शनिवारी निघायचं,
पुढच्या शनिवारी पहाटे दूधवाल्याच्या आधी घरी.
रविवारी पिरॅमिड.
सोमवारी म्युझियम, "तीन तास पुरे होतात काका,"
हे गायधनींच्या पोराचं म्हणणं,
बिटको चौकात त्याचं टूरचं ऑफिस आहे, एसी आहे.

चार हजार वर्षांना तीन तास.
मी कागदाच्या कोपऱ्यात भागाकार मांडला:
मिनिटाला बावीस वर्षं.
"म्हणजे आपला एकोणचाळीस वर्षांचा संसार
पावणेदोन मिनिटांचा."
ती हसली नाही.
खोडरबर घेतलं, तीनचे चार केले.

गाडी, नदी, होडी, राजांची दरी
हे सगळं त्या पोरानं भराभर बसवलं,
ट्रंकेत शेवटचे कपडे बसवतात तसं.
"शुक्रवारी शॉपिंग टाकू? अत्तर, पपायरस?"
"नको," मंदा म्हणाली. "शुक्रवार रिकामा ठेव."

लायब्ररीच्या एका जाड पुस्तकात तिला सापडलंय,
लक्झरच्या डोंगरात कुणा अधिकाऱ्याचं थडगं.
राजा नव्हे. बागा होत्या त्याच्या ताब्यात.
छत खडबडीतच ठेवलंय मुद्दाम
आणि त्या उंचवट्यांवर रंगवलेत द्राक्षांचे घड,
लोंबल्यासारखे.

मंदा पिंपळगावची.
दहावीपर्यंत सुट्टीतली सगळी दुपार
बापाच्या मांडवाखाली, हातात कात्री, मान वर,
घडातले मणी विरळायचे.
"रंगवणाऱ्यानं कधी विरळणी केली होती का,
तेवढं बघायचंय मला."

"काकू, तिकडं कोणी जात नाही."
"मग गर्दी नसेल."

तेव्हापासून दर रविवारी पांडवलेणी, गुडघ्यांसाठी.
मी पायऱ्या मोजतो, ती श्वास.
इतकी वर्षं इथं राहून
आम्ही वर आलो होतो दोनदा, एकदा पाहुण्यांबरोबर,
एकदा भांडण झालं होतं म्हणून.
सतरा नंबरच्या लेण्यात कोरलंय म्हणे:
उत्तरेकडून आलेल्या एका यवनानं
हे खोदवलं आईबापांसाठी,
आणि पाण्याची टाकीसुद्धा.
मी टाके मोजणारा माणूस, टाक्यापाशी थांबलो.
केवढ्या लांबून आला, आणि पाणी ठेवून गेला.
आम्ही तिकडं काय ठेवणार?
चिवड्याची रिकामी पिशवी, फार तर.

मंदानं सामानाच्या यादीत सगळ्यात खाली लिहिलंय:
बेदाणे, पाव किलो, भावाकडचे.
कुणासाठी, ते लिहिलेलं नाही.
मी विचारलंही नाही.

तिच्या मानेचा पट्टा आता खुंटीवर असतो.
रात्री जेवणं झाली की खोलीच्या मधोमध उभी राहते,
मान वर करते,
आणि मला म्हणते घड्याळ लावा.
वर पंखा आहे, ओल आलेला एक डाग आहे,
बाकी काही नाही.
काल चार मिनिटं झाली.
म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षं.
"दिवा घालवू का?" म्हटलं,
तर म्हणाली, "थांबा जरा."